कातडीची खरड छाटणी

निफाड, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी या बाजूला एप्रिल महिन्यात प्रथमच जाणाऱ्या परस्थ माणसाला द्राक्षमळ्यांतील एक दृश्य पाहून मोठा अचंबा वाटतो. ज्या वेलींनी एकदोन महिन्यांपूर्वी मांडवभर घोस तोलून धरले होते, त्याच वेलींची सारी हिरवी समृद्धी मळेकरी आणि त्याचे मजूर हातांत कात्र्या घेऊन उतरवीत असतात. आणि संध्याकाळी पाहावे तो मांडवाखाली काड्यांचा खच पडलेला, वर उघडे खोड व उघडे ओलांडे म्हणजे आडव्या फांद्या, आणि वेल जणू कायमची मेलेली. या कामाला नाशिक जिल्ह्यात खरड छाटणी म्हणतात. पण जवळ जाऊन एखाद्या ओलांड्यावर बोट फिरवले, तर छाटलेल्या प्रत्येक काडीच्या बुडाशी एकेक डोळा शाबूत ठेवलेला आढळतो. तो डोळा आठ-पंधरा दिवसांत फुटतो, नवी काडी धरतो, आणि पुढील ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली म्हणजे त्याच काडीवर फळ येते. काय तोडावे हे नवशिक्या मजुरालाही दोन दिवसांत उमगते; काय राखावे हे ज्याच्या हाताला कळले, त्यालाच जाणता मळेकरी छाटणीवर लावतो.

या प्रकरणात ज्या वैद्यकीय कर्माची ओळख करून द्यावयाची आहे, त्याचे संपूर्ण शास्त्र या एका डोळ्यात साठवलेले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्वचेचे वरचे थर फिरत्या चाकाने किंवा खरखरीत कागदाने, जाणूनबुजून आणि मोजून-मापून, खरवडून काढावयाचे, की ज्यामुळे खालून नवी व अधिक सपाट त्वचा उगवावी, या कर्माला आधुनिक वैद्यकात डर्माब्रेजन म्हणतात; आपण त्याला त्वचाघर्षण म्हणू. मुरुमांनी पडलेले खड्डे, कांजिण्यांचे वण, अपघाताच्या खुणा, कातडीत रुतलेली खडी, काही प्रकारचे गोंदण, आणि विशेषेकरून कोडाचे पांढरे डाग, अशा नाना तक्रारींवर हा इलाज केला जातो.

घासणे आणि उगवणे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाशिकच्या जुन्या तांबट आळीत तांब्यापितळेची भांडी घासून-पुसून लखलखीत होताना आपण पाहिलेली असतात, वहाणेवाचून भेगाळलेल्या टाचा न्हाणीघरात वजरीने घासून मऊ होताना पाहिलेल्या असतात, आणि त्यावरून सामान्य माणसाची समजूत अशी होते, की चेहराही तसाच घासला असता उजळावा. परंतु धातू आणि त्वचा यांचे धर्म अगदी भिन्न आहेत. भांडे घासले म्हणजे जे होते तेच चकचकीत होते. त्वचा मात्र घासली म्हणजे जे होते ते जाते, आणि त्याच्या जागी दुसरे काही उगवते. ते दुसरे कसे असेल, म्हणजे मऊ कातडी असेल की राठ वण असेल, हे सर्वस्वी घासणारा किती खोल गेला यावर अवलंबून असते.

मनुष्याच्या चेहऱ्यावरील बाह्यत्वचा सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची, म्हणजे साध्या लिहिण्याच्या कागदाइतकी पातळ असते. तिच्यात रक्तवाहिन्या मुळीच नसतात. तिच्या खाली अंतस्त्वचा पसरलेली असून तिचे दोन थर पडतात: वरचा बारीक अंकुरांचा थर, ज्यात रक्ताच्या केशवाहिन्यांचे इवलेसे वळसे असतात, आणि खालचा जाळीदार थर, ज्यात कोलाजेनचे जाड धागे चटईसारखे विणलेले असतात. या दोन्ही थरांतून आरपार खाली गेलेल्या असतात केसांच्या मुळांच्या नळ्या, तैलग्रंथी आणि स्वेदग्रंथी. आणि निसर्गाची किमया अशी, की या नळ्यांच्या आतले अस्तर बाह्यत्वचेच्याच जातीच्या पेशींचे असते. वरची बाह्यत्वचा पूर्णपणे नष्ट झाली तरी प्रत्येक केसाच्या मुळाशी तिचे बियाणे शिल्लक राहते. जखम झाली की त्या पेशी नळीतून वर सरकतात, चहूकडे पसरतात, शेजारच्या नळीतून आलेल्या पेशींना जाऊन भिडतात, आणि आठवड्या-दीड आठवड्यात उघड्या जागेवर नवे कातडे अंथरले जाते. हेच त्वचेचे डोळे.

परंतु ही मुळेच जर खरडली गेली, तर उगवावयास काही उरत नाही. मग शरीर दुसरी तजवीज करते: उघड्या जागी घाईघाईने कोलाजेनचा जाड थर रचून ती बुजवते, आणि आपण त्याला वण म्हणतो. म्हणजे जी हद्द ओलांडली नाही तर वण मिटण्याची आशा असते, तीच ओलांडली तर नवा वण निर्माण होतो. चेहऱ्यावर केसांची मुळे व तैलग्रंथी दाट असल्यामुळे तेथे हे कर्म साधते. छाती, मान, हाताची पाठ अशा ठिकाणी ती विरळ असल्याने तेथे शहाणा चिकित्सक सहसा चाक लावीत नाही.

सुश्रुताचे लेखनकर्म

त्वचा खरवडून रोग बरा करण्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. पंचवटीच्या गणेशवाडीत आयुर्वेद सेवा संघाचे महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी ज्या सुश्रुतसंहितेचे अध्ययन करतात, तिच्यात शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत, आणि छेदन व भेदन यांच्या पाठोपाठ तिसरा प्रकार आहे लेखन, म्हणजे खरवडणे. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाच्या साठ उपक्रमांचा विचार करताना सुश्रुताने लेखनासाठी वापरावयाच्या पदार्थांची यादीच दिली आहे. तीत अळशीच्या धाग्यांचे वस्त्र आहे, सुती वस्त्र आहे, कापसाचा बोळा आहे, समुद्रफेन आहे, यवक्षार व सैंधव आहे, आणि खरखरीत पानेही आहेत. आज ज्या ठिकाणी निर्जंतुक केलेला सिलिकॉन कार्बाइडचा घासकागद वापरतात, त्या ठिकाणी हा आचार्य समुद्रफेन आणि राठ पाने सुचवीत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे साधन बदलले तरी हाताची क्रिया तीच राहिली, याची साक्ष पटते.

त्याहून मार्मिक अशी एक गोष्ट सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात आहे. शिष्याने प्रत्यक्ष रोग्यावर शस्त्र धरण्यापूर्वी प्रत्येक कर्माचा सराव कशावर करावा, हे सुश्रुत तेथे सांगतो: छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड अशा फळांवर करावा, आणि लेखनाचा सराव ताणून बसवलेल्या, केसाळ चामड्यावर करावा. ‘ताणून बसवलेल्या’ हा शब्द ज्याने हे काम हाताने केले आहे त्याच्याच तोंडून येऊ शकतो. कारण सैल कातडीवर कोणतेही खरवडण्याचे साधन उड्या मारते व खाचा पाडते. आजही घर्षण चालू असताना साहाय्यकाचे मुख्य काम हेच असते, की रोग्याचा गाल तीन बाजूंनी ताणून पाट्यासारखा सपाट धरावा.

सुश्रुताच्या त्या साठ उपक्रमांत कृष्णकर्म आणि पांडुकर्म अशीही दोन कर्मे आहेत: जखम भरून आल्यावर जी जागा पांढरी राहिली तिला काळसर वर्ण आणण्याचे कृष्णकर्म, आणि जी काळी पडली तिला फिकी करण्याचे पांडुकर्म. केवळ जखम भरली म्हणजे वैद्याचे काम संपले असे या ग्रंथकाराने मानले नाही. त्वचा आपल्या मूळ वर्णावर येईपर्यंत त्याने चिकित्सा पुढे चालू ठेवली. सावळ्या वर्णाच्या आपल्या लोकांत घर्षणानंतर हेच दोन प्रश्न आजही सर्वांत अधिक छळतात, हे पुढे दिसेलच.

नाशिक हे नावच लोक शूर्पणखेच्या कापलेल्या नासिकेशी जोडतात, आणि नाक कापले गेलेल्या एका हतभागी माणसाची हकीकत महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात प्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवाला १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला, त्याचे नाक व एक हात कापण्यात आला, आणि पुढे सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका कसबी कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही कैफियत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली व युरोपातील शल्यचिकित्सकांचे डोळे उघडले. आपल्या विषयापुरते तिचे महत्त्व एवढेच, की त्या कारागिराने कपाळाची कातडी संपूर्ण जाडीची, मुळांसकट उचलली होती. आणि म्हणून त्या रीतीने नाक मिळाले तरी कपाळावर वण हा राहणारच. मुळे गेली तेथे वण आला, हा नियम त्या जखमेतही बदलला नाही.

दाताच्या वैद्याचे चाक

आधुनिक त्वचाघर्षणाचा जनक म्हणून बर्लिनचे त्वचारोगतज्ज्ञ अर्न्स्ट क्रोमायर यांचे नाव घ्यावे लागते. दंतवैद्य दात कोरण्यासाठी जी फिरती यंत्रे वापरतात, त्यांच्या धर्तीची चाके व दट्टे त्यांनी कातडीवर चालवून पाहिले आणि १९०५ साली त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. या प्रयोगांतून त्यांनी जे मर्म ओळखले ते असे, की जखम अंतस्त्वचेच्या वरच्या थरापलीकडे गेली नाही तर ती वणाशिवाय भरते. पुढील चार दशकांत या विद्येकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४७ साली अमेरिकेत आयव्हर्सन यांनी अपघाताने कातडीत रुतलेले काळे कण काढण्यासाठी साधा घासकागद वापरला, आणि १९५३ साली न्यूयॉर्कचे अ‍ॅबनर कर्टिन यांनी वेगाने फिरणाऱ्या तारेच्या ब्रशाची पद्धती मांडली, तेव्हापासून हे कर्म जगभर रूढ झाले. कर्टिन यांच्या काळी गालावर इथाइल क्लोराइडचा फवारा मारून कातडी क्षणभर गोठवीत, म्हणजे ती बधिरही होई आणि लाकडासारखी टणकही. पुढे तारेच्या ब्रशाच्या जोडीला हिऱ्यांचा बारीक चुरा बसवलेले पोलादी चाक आले. ब्रश झपाट्याने खोल जातो, हिऱ्याचे चाक सबुरीने उतरते, आणि म्हणून ज्याचा हात अद्याप बसलेला नाही त्याने दुसरेच पत्करावे हे बरे.

नाशिकला १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली, आणि आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद या शाखांचे राज्यभरातील शिक्षण एका विद्यापीठाच्या छत्राखाली आले. हा शासकीय बंदोबस्ताचा भाग झाला; परंतु सुश्रुताचे लेखन, दंतवैद्याचे चाक आणि त्वचारोगतज्ज्ञाचा डोळा या तिन्हींच्या संगमातून निपजलेल्या विद्येचे स्मरण करताना या योगायोगाचा आनंद वाटल्याशिवाय राहत नाही.

गालावर चाललेले काम

आता प्रत्यक्ष कर्म जवळून पाहू. समजा, विशीत मुरुमांनी गांजलेल्या आणि आता मुरुमे शमून वर्ष झालेल्या एका तरुणाचे गाल खड्ड्यांनी भरलेले आहेत. शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याला निजवल्यावर प्रथम त्याच्या गालावर जेन्शन व्हायोलेटचे जांभळे औषध फासतात. हे केवळ जंतुनाशनासाठी नसते. घर्षण सुरू झाले की सपाट भागावरचा जांभळा रंग प्रथम निघून जातो आणि खड्ड्यांच्या तळाशी तो राहतो, त्यामुळे कोणता खड्डा किती खोल, हे गालावर काढलेल्या नकाशासारखे दिसू लागते. मग लिग्नोकेनच्या सुईने गाल बधिर करतात. साहाय्यक कातडी ताणून धरतो, आणि हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरणारे हिऱ्याचे चाक गालावरून हलक्या हाताने, एका लयीत, पुढे सरकू लागते.

पहिल्या काही क्षणांत रक्त येतच नाही, कारण बाह्यत्वचेत ते नसतेच. मग अचानक, दवाने भिजलेल्या पानासारखे, गालावर बारीक-बारीक लाल ठिपके उमटतात: अंकुरांचा थर लागला. चाक आणखी थोडे उतरले की ठिपके मोठे होतात, विरळ होतात, आणि त्यांच्या मधून समांतर पांढरट धागे, झिजलेल्या सुती कापडाचे उसवलेले सूत असावे तसे, दिसू लागतात. येथे थांबावयाचे. त्याही खाली धाग्यांचे जाड पेड आणि तैलग्रंथींचे पिवळसर कण दिसू लागले, तर तो धोक्याचा इशारा होय. लाल ठिपके, पांढरे धागे, पिवळे कण: शल्यचिकित्सकाला मोजपट्टी नाही, यंत्रावर खुणेचा काटा नाही, हे तीन रंगच त्याचे दफ्तर, आणि तेवढ्याच दाखल्यावर त्याला क्षणाक्षणाला फैसला करावा लागतो.

बारीकसारीक खबरदाऱ्या तर अनेक. रक्त टिपण्यास जाळीदार पट्टी वापरीत नाहीत, कारण तिचे सुटे सूत फिरत्या चाकात गुंतले तर चाक हिसका घेऊन कातडी फाडू शकते. त्यासाठी घट्ट विणीचे सुती टॉवेल घेतात. चाकामुळे रक्ताचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात, म्हणून कावीळ-ब आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या आधी करून घेतात, आणि काम करणारे सर्व जण तोंडावर ढाल व मास्क बांधतात. पापण्यांजवळ व ओठांच्या काठाशी यंत्र बंद ठेवून घासकागदाची लहान गुंडाळी बोटाने फिरवतात. गालाच्या कडेला आल्यावर दाब हळूहळू उणा करीत जातात, म्हणजे नव्या व जुन्या कातडीत बांधासारखी रेघ पडू नये.

या सर्व खटाटोपाने खड्डे बुजतात असे समजू नये. खड्ड्यांचे काठ उतरतात, आणि पुढील काही महिन्यांत नवे कोलाजेन तयार होऊन तळ किंचित वर येतो. ज्याच्या गालावर खड्डे आहेत त्याने एका बाजूने येणाऱ्या उजेडात आरशासमोर उभे राहून पाहावे. दिसतात ते खड्डे नव्हेत, काठांनी टाकलेल्या सावल्या दिसतात. काठ उतरला की सावली फिकी होते, एवढेच. पण ज्या माणसाने दहा वर्षे त्या सावलीकडे पाहण्यात घालविली, त्याला हे एवढेच फार मोठे वाटते, आणि ते योग्यच आहे. मात्र सुईने टोचल्यासारखे अरुंद व खोल जे खड्डे असतात, त्यांचा तळ जाळीदार थराखाली गेलेला असल्यामुळे तेथे चाकाचा उपयोग नाही. ते गोल पात्याने कापून काढून टाका घालावा लागतो.

कशाकशावर हा इलाज

एके काळी या इलाजाची गरज भासावी असा सर्वांत मोठा वर्ग देवीच्या रोग्यांचा होता. मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली यशस्वी देवीची लस टोचली गेली, तरीही त्यानंतर पावणेदोनशे वर्षे आपल्या खेड्यापाड्यांतून देवीचे वण असलेले चेहरे दिसत राहिले. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी राहिला नाही, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. आता घर्षणासाठी येणारे वण मुख्यतः मुरुमांचे व कांजिण्यांचे असतात.

दुसरा वर्ग अपघातांचा. मुंबई-आग्रा महामार्गावर दुचाकीवरून घसरून पडलेल्या माणसाच्या गालात किंवा कोपरात डांबराची खडी व धूळ रुतते, जखम वरून भरते, आणि आत अडकलेले कण कायमचे निळे-काळे गोंदण होऊन बसतात. अशी जखम त्याच दिवशी, बधिर करून, निर्जंतुक ब्रशाने चोळून स्वच्छ केली, तर पुढे घर्षणाची पाळीच येत नाही. शस्त्रक्रियेच्या किंवा टाक्यांच्या वणावर घर्षण करावयाचे असेल, तर वण पक्का होण्याची वाट पाहण्यापेक्षा सुमारे सहा ते आठ आठवड्यांची मुदत संपताच ते केल्यास वण पुष्कळ अंशी मिसळून जातो, असा अनुभव आहे.

हौसेने काढून घेतलेले गोंदण घालविण्याची इच्छाही पुष्कळांना होते. सैन्यभरतीत गोंदणाविषयी नियम असल्याने भरतीस उभ्या राहणाऱ्या तरुणांना ती निकड विशेष जाणवते. सहाव्या शतकातील एटिअस या ग्रीक वैद्याने गोंदण मिठाने चोळून काढण्याची रीत नोंदविली आहे. पण गोंदणाची शाई अंतस्त्वचेत खोल बसलेली असते, आणि तिचा पाठलाग करता करता हद्द ओलांडली जाते. म्हणून आज या कामी लेसरचीच शिफारस केली जाते. याखेरीज नाकाच्या शेंड्यावरील तैलग्रंथी वाढून ते बेढब सुजल्यास त्याला घडवून मूळ आकार देणे, आणि उन्हाने वृद्धांच्या गोऱ्या कातडीवर येणारे कर्कपूर्व खरखरीत डाग काढणे, यांसाठीही घर्षणाचा उपयोग करतात.

पांढऱ्या डागांत पेरणी

या विद्येचे सर्वांत हृद्य फळ मात्र कोडाच्या रोग्यांना मिळाले आहे. कोड हा संसर्गजन्य नाही, कुष्ठरोगाशी त्याचे काही नाते नाही, त्याने शरीर दुबळे होत नाही. त्वचेला वर्ण देणाऱ्या पेशी काही ठिकाणी नष्ट होतात, एवढाच तो दोष. तरीही त्या पांढऱ्या डागांपायी किती मुलींची लग्ने अडली, किती मुले शाळेच्या शेवटच्या बाकावर बसली, याची मोजदाद कोणी करावी? पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन ही संस्था उभारली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी ‘नितळ’ हा चित्रपट याच विषयावर केला, तेव्हा कोठे या दुःखाविषयी मराठी समाजात मोकळेपणाने बोलणे सुरू झाले.

कोडाच्या डागावरची बाह्यत्वचा पांढरी झाली तरी त्या जागचे केस जर काळे असतील, तर केसांच्या मुळांशी वर्णपेशी अद्याप जिवंत आहेत, असा त्याचा अर्थ होतो. डाग घासला की त्या पेशी जखमेच्या हाकेने जाग्या होऊन वर येतात. मुंबईचे त्वचाशल्यचिकित्सक डॉ. सतीश सावंत यांनी १९९६ साली स्थिर कोडावरील घर्षणोपचाराचा आपला अनुभव त्वचारोगाच्या भारतीय नियतकालिकात मांडला. ज्या डागावरचे केसही पांढरे झाले तेथे मात्र मुळातच बियाणे संपलेले असते. अशा ठिकाणी बाहेरून पेरणी करावी लागते. रोग्याच्याच मांडीवरून बाह्यत्वचेचा पातळ पापुद्रा घेऊन, त्यातील पेशी सुट्या करून, घर्षणाने तयार केलेल्या डागावर त्यांचे द्रावण ओततात व पट्टी बांधतात. मांडीवरच्या लहानशा तुकड्यातून त्याच्या कित्येक पट मोठी जागा पेरता येते. मुंबईचे डॉ. संजीव मुळेकर यांनी या पद्धतीवर केलेले काम जगभर मान्यता पावलेले आहे. येथे घर्षण हा स्वतः इलाज नसून जमिनीची मशागत आहे. अट एकच: रोग किमान वर्षभर स्थिर असला पाहिजे, नवे डाग उठत नसले पाहिजेत, नाही तर पेरलेले बीही रोग खाऊन टाकतो आणि घासलेल्या जागीच नवा डाग उठू शकतो.

आपला वर्ण, आपले ऊन

पाश्चात्त्य ग्रंथांत गोऱ्या कातडीसाठी सांगितलेली गणिते आपल्या सावळ्या त्वचेला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. घासलेली जागा भरून आल्यावर प्रथम गुलाबी असते, आणि मग आपल्या लोकांत ती बहुधा काळवंडते. हे काळेपण काही महिन्यांत उतरते, पण तेवढ्या अवधीत रोगी घाबरून जातो व वैद्याला दोष देतो; म्हणून ही गोष्ट आधीच त्याच्या कानावर घातली पाहिजे. घर्षण फार खोल गेले तर उलट जागा कायमची पांढुरकी राहते, आणि सावळ्या चेहऱ्यावर तो डाग मूळ खड्ड्यापेक्षा अधिक खुपतो. एकच वण न घासता सबंध गाल घासण्याची जी रीत आहे, ती यासाठीच, की रंगातला फरक पडलाच तर तो सर्वत्र सारखा पडावा.

ऊन हा या कामाचा मोठा वैरी. वेलीची खरड छाटणी एप्रिलच्या उन्हात होते. कातडीची मात्र थंडीत केलेली बरी, ज्या दिवसांत निफाडचा पारा खाली उतरल्याच्या बातम्या छापून येतात आणि उन्हाची धार बोथट असते. तरीही पुढे काही महिने छत्री, पदर, उपरणे व सूर्यरोधक मलम यांची साथ सोडता कामा नये. जखम उघडी सुकवून खपली धरू देण्याचा जुना प्रघात आता मागे पडला. ओलसर झाकलेली जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरील प्रयोगांनी दाखवून दिल्यापासून मलमपट्टीची तऱ्हाच बदलली.

ज्यांच्या अंगावर केलॉइडचे लाल, वाढत जाणारे वण उठतात, त्यांनी या वाटेला जाऊ नये. ज्यांच्या ओठांभोवती हर्पीसचे फोड वारंवार येतात, त्यांना आधीपासून विषाणुरोधक औषध द्यावे लागते, नाही तर ते फोड साऱ्या उघड्या गालावर पसरतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या बंद केल्यावर यंत्राच्या घर्षणापूर्वी सहा महिने थांबावे, असा संकेत आहे.

आणखी एक इशारा आवश्यक आहे. नाशिकमधील सौंदर्यप्रसाधनगृहांच्या पाट्यांवर आज ‘मायक्रोडर्माब्रेजन’ हा शब्द झळकताना दिसतो. १९८५ च्या सुमारास इटलीत निघालेली ही रीत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण कातडीवर फवारून वरची मृत पेशींची पातळ साय उडवते. त्याने चेहरा काही दिवस तुकतुकीत दिसतो, पण खड्डे भरत नाहीत, कोड जात नाही. नावात साम्य असले तरी हे दोन वेगळे व्यवहार आहेत. आणि या फवाऱ्याच्या भरवशावर पैसे वेचताना चाकाच्या फळाची अपेक्षा करणे ही स्वतःची फसवणूक होय. उलट ज्या ठिकाणी रक्ताचे ठिपके उमटेपर्यंत कातडी घासली जाणार आहे, तेथे प्रशिक्षित त्वचाशल्यचिकित्सकाखेरीज कोणाच्याही हाती आपला गाल देऊ नये. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लेसरने या क्षेत्रात पुष्कळ मुलूख जिंकला आहे. पण लेसर असो की चाक, पोचावयाचे त्याच थरापर्यंत आणि थांबावयाचे त्याच हद्दीवर.

याच हद्दीचा विचार मला शेवटी एका साध्या निष्कर्षाशी आणून सोडतो. वैद्य केसाच्या मुळांच्या खाली जाऊ शकत नाही. परंतु रोगाला ती बंदी नाही. शाळकरी पोराच्या गालावर उठलेले मोठे, दुखरे, पुवाने भरलेले मुरूम, ज्याला घरची वडीलधारी माणसे ‘वयात आला की होतेच, आपोआप जाईल’ असे म्हणून दुर्लक्षितात, आणि जे तो पोर आरशासमोर नखाने फोडतो, ते खाली उतरत उतरत त्याच जाळीदार थरात पोचते जेथे नवे कातडे उगवण्याचे सामर्थ्य संपते. मग दहा वर्षांनी कितीही कुशल हात मिळाला तरी त्याला वरचे काठच काय ते उतरवता येतात. वेलीच्या डोळ्याला कीड लागली, तर जाणता मळेकरी ऑक्टोबरच्या छाटणीची वाट पाहत बसत नाही. तो त्याच आठवड्यात औषध फवारतो. मुलाच्या गालावरचे पहिले खोल मुरूम दिसताच त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे नेणारे आईबाप त्या चाकाला करता येणार नाही एवढे मोठे काम करून ठेवतात.